फोटोही दिसावा, अक्षरही वाचता यावे

'विनम्र वंदन' या शब्दांतील एक अनुस्वार गळाला की 'विनम्र वदन' उरते. चौकातल्या फलकावर असे काही वाचले की आपण अक्षरजुळणी करणाऱ्याला नावे ठेवून मोकळे होतो. पुष्कळदा त्या बिचाऱ्याचा शुद्धलेखनात काही दोष नसतो. अनुस्वार त्याने टाइप केलेला असतो, तो छापलाही गेलेला असतो. पण मागे फोटोतले पांढरे आभाळ, पुढे पांढरे अक्षर, आणि नेमका तो ठिपका आभाळात मिसळून गेलेला. आपल्या देवनागरीला हा धोका अधिक. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार. त्यातले एखादे नाजूक चिन्ह दिसेनासे झाले की शब्दाचा अर्थच फिरतो.

यावर दोन सोपे इलाज सर्रास वापरले जातात. एक म्हणजे अक्षरांच्या मागे गडद रंगाचा सपाट पट्टा टाकणे. अक्षर वाचता येते, पण पट्ट्याखाली कोणाचे पाय गेले आणि कोणाचे डोके गेले, याची फिकीर कोणी करत नाही. दुसरा इलाज अक्षराला जाड किनार देऊन मागे सावली पाडण्याचा. त्याने अक्षरे सुजल्यासारखी दिसतात आणि जोडाक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. तिसरा इलाज अधिक शहाणपणाचा आहे व त्याला खर्चही काही नाही. तो म्हणजे अर्धपारदर्शक रंगछटा. एका टोकाला दाट असलेला रंग हळूहळू विरळ होत दुसऱ्या टोकाला पूर्ण नाहीसा होतो आणि त्याच्याखालचा फोटो जसाच्या तसा दिसू लागतो. दुकानात याला नुसते 'ग्रेडियंट' म्हणतात. फलक, लग्नपत्रिका, नामकरणाचे निमंत्रण, मोबाईलवरचे शुभेच्छापत्र या सगळ्यांत ते असते. मात्र ते नीट उतरलेले क्वचित दिसते. याचे कारण असे की, पुष्कळांना ती एकच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रंग कोणता ही एक, आणि तो किती झाकतो ही दुसरी.

हे काम संगणकाबरोबर जन्माला आले असे मात्र कोणी समजू नये. जपानमध्ये हिरोशिगे या चित्रकाराच्या लाकडी ठशांच्या चित्रांत आभाळ वर गडद निळे आणि खाली येता येता कोरे होत जाते. छपाई करणारा कारागीर ठशावरचा रंग ओलसर करून एका बाजूने हलकेच कमी करी. 'बोकाशी' असे त्या पद्धतीचे नाव. फोटो स्टुडिओंमधूनही हे होत असे. मोठी प्रत काढताना भोक पाडलेला पुठ्ठा उजेडाच्या वाटेत धरून हलवत ठेवला की चेहरा स्पष्ट येई आणि भोवतालचा भाग पांढऱ्यात विरून जाई. आपल्या थोरल्यांच्या जुन्या फोटोंत खांद्याच्या खालचा भाग असा धुक्यात गेलेला अनेकांनी पाहिला असेल. संगणकाने तीच गोष्ट आकड्यांत बसवली.

संगणकावरच्या चित्रातील प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात : तांबड्याचा, हिरव्याचा आणि निळ्याचा. प्रत्येक आकडा साधारणपणे ० ते २५५ या मर्यादेत. तो ठिपका किती झाकतो हे सांगणारा चौथा आकडा चित्रातच ठेवण्याची कल्पना १९७७-७८ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ या दोघांनी प्रत्यक्षात आणली. या चौथ्या आकड्याला 'अल्फा' म्हणतात, कारण दोन रंग मिसळण्याच्या सूत्रात त्या प्रमाणासाठी ग्रीक अल्फा हे अक्षर वापरलेले होते. पुढे १९८४ साली ल्यूकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र रचण्याचे सगळे नियम एका निबंधात मांडले. या चौघांना १९९६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

सूत्र शाळकरी मुलालाही करता येईल असे आहे. वरचा थर ५० टक्के झाकत असेल तर वरच्या रंगाचा अर्धा भाग आणि खालच्या रंगाचा अर्धा भाग घ्यायचा. आभाळाचा ठिपका २००, २२०, २४० असा आहे आणि त्यावर २०, ४०, १२० असा गडद निळा थर टाकला आहे, असे धरा. थर ५० टक्के असेल तिथे डोळ्यांना ११०, १३०, १८० दिसेल. थर विरळ होत २५ टक्क्यांवर आला की १५५, १७५, २१० दिसेल. थर शून्यावर गेला की मूळचे आभाळ जसेच्या तसे. निळा रंग सगळीकडे तोच आहे, बदलत गेला आहे तो फक्त चौथा आकडा. ही एक गोष्ट मनात पक्की झाली म्हणजे पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप सुटतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. त्यासाठी येथे 'गिम्प' हे सॉफ्टवेअर घेतले आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असलेल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली आणि १९९६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. ते मुक्त परवान्याखाली मिळते, त्याला पैसे पडत नाहीत. फोटोशॉप हे १९९० मध्ये बाजारात आलेले सॉफ्टवेअर उत्तम आहे, यात शंका नाही. पण त्याच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणी भरूनच वापराव्या लागतात. घरातल्या एकाच संगणकावर हा धंदा शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना ती वर्गणी जड जाते आणि मग चोरीची प्रत घेतली जाते. तिच्याबरोबर व्हायरसही घरात येतात. फुकट, कायदेशीर आणि पूर्ण ताकदीचे साधन हाताशी असताना हा मार्ग का धरावा?

गिम्पमध्ये फोटो उघडा आणि त्यावर एक नवा थर, म्हणजे लेअर, घ्या. थर कशाने भरायचा असे विचारले जाईल तेव्हा 'ट्रान्सपरन्सी' निवडा. फोटोच्याच थरावर ग्रेडियंट कधी ओढू नका. नंतर ते कमीजास्त करता येत नाही, आणि फोटो कायमचा बदलतो. पुढचा रंग, म्हणजे फोरग्राउंड, निवडा. काळाच घेतला पाहिजे असे नाही. फोटोतलाच एखादा गडद रंग उचलून घेतला तर छटा बाहेरून चिकटवल्यासारखी दिसत नाही. मग जी हे अक्षर दाबले की ग्रेडियंटचे साधन हाती येते. त्याच्या पर्यायांत 'फोरग्राउंड टू ट्रान्सपरंट' हा प्रकार घ्या आणि जिथे दाट रंग हवा तिथून जिथे तो संपायला हवा तिथपर्यंत माऊसने ओढा. ओढताना कंट्रोलची कळ धरली की रेघ सरळ राहते. २०१८ मध्ये आलेल्या २.१० या आवृत्तीपासून एक मोठी सोय झाली आहे. ओढलेल्या रेघेची टोके चित्रावरच दिसत राहतात आणि एंटर दाबेपर्यंत ती पकडून हवी तशी हलवता येतात. पहिल्याच फटक्यात नीट आले नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही.

काही दिसलेच नाही तर? पहिल्याने थराची 'अल्फा' कुलूपबंद तर नाही ना, ते पाहा. कुलूप असेल तर रिकाम्या थरावर रंग चढतच नाही. छटा अपेक्षेपेक्षा गडद झाली असेल तर बहुधा ती त्याच थरावर दोनदा ओढली गेली आहे. पारदर्शक छटा पहिलीला पुसत नाही, तिच्यावर साचते. ५० टक्क्यांवर ५० टक्के चढले की १०० होत नाहीत, ७५ होतात. उरलेल्या अर्ध्याचे अर्धे झाकले जाते म्हणून. फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. वरच्या पट्टीवरील 'ट्रान्सपरन्सी' या चौकोनातली खूण निघालेली असली तर छटा विरत न जाता सगळा फोटो एकाच रंगाने झाकून टाकते.

किती गडद करावे, हे नजरेवर सोपवणे बरे नाही, कारण आपण स्वतः लिहिलेला मजकूर आपल्याला अंधारातही वाचता येतो. वेबसाठी काम करणाऱ्यांनी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ असे प्रमाण असावे, असा दंडक घालून दिला आहे. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालते. कागदावरच्या आणि फ्लेक्सवरच्या छपाईलाही अंदाजासाठी तो उपयोगी पडतो. पांढऱ्या अक्षरामागे राखाडी रंग ११८ किंवा त्याहून कमी आकड्याचा असेल तर हे प्रमाण साधते. म्हणजे मागचे आभाळ अगदी पांढरे, २५५ असेल, तर काळा थर अक्षराखाली किमान ५४ टक्के हवा. मागचा भाग २०० असेल तर ४१ टक्के पुरतात. हा हिशेब वर दिलेल्या नेहमीच्या सूत्राचा आहे. नव्या गिम्पमध्ये हीच मिसळ प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात करण्याची सोय आहे आणि तिथे तेवढ्याच टक्क्यांना काळा थर फिका दिसतो. म्हणून टक्क्यांवर विसंबू नये. रंग उचलण्याचे साधन घेऊन अक्षराच्या शेजारचा ठिपका मोजावा आणि तोही सगळ्यात उजळ जागेचा. ओळीच्या सुरुवातीला छटा दाट आणि शेवटी विरळ असेल तर शेवटचा शब्दच आधी हरवतो. शेवटचा शब्द म्हणजे बहुधा आडनाव!

छटा जिथून सुरू होते तिथे फोटोवर एक आडवी रेघ असल्यासारखी दिसते, अशी तक्रार पुष्कळजण करतात. तिथे रेघ नसतेच. उजेड बदलण्याचा वेग एकदम पालटला की डोळा तिथे स्वतःच पट्टा कल्पून घेतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये याचे वर्णन केले म्हणून त्यांना माखचे पट्टे म्हणतात. यावर तोड म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही सावकाश करायचे. गिम्पच्या ग्रेडियंटच्या संपादनात सरळ उताराऐवजी 'सिनुसॉइडल' हा वळणदार उतार मिळतो. तो घेतला की ती कल्पित रेघ बरीचशी निघून जाते.

याहून वाईट पट्टे फ्लेक्सवर दिसतात, आणि ते मात्र खरेच असतात. पडद्यावर मऊ वाटणारी छटा दहा फुटांच्या फलकावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी का दिसते? काळा थर ० पासून ६० टक्क्यांपर्यंत दहा फुटांत पसरला आहे आणि मागे पांढरे आहे, असे समजा. पांढऱ्याचा २५५ हा आकडा उतरत १०२ वर येईल. म्हणजे मध्ये पायऱ्या सगळ्या १५३. दहा फूट म्हणजे १२० इंच. एकेक पायरी पाऊण इंचाहून थोडी मोठी, जवळजवळ दोन सेंटिमीटरची झाली. इतकी रुंद पायरी डोळ्याला दिसणारच. यासाठी साधनाच्या पर्यायांत 'डिदरिंग' नावाची खूण असते. ती केल्यावर पायऱ्यांच्या कडेचे ठिपके किंचित विस्कटले जातात आणि पट्टा मोडतो. फोटोवर हलकीशी रवाळ झाक दिली तरीही तेच साधते. दुसरा उपाय छटेची लांबी आवरण्याचा. दहा फुटांचा उतार लागतो कोणाला? अक्षरांपुरता दोन-तीन फूट पुष्कळ झाला.

रंगीत छटांमध्ये आणखी एक खोड आढळते. लाल रंग विरत जाताना मध्येच मळकट होतो. अशा वेळी छटेचे दुसरे टोक तपासा. तिथे 'पारदर्शक लाल' ऐवजी 'पारदर्शक काळा' ठेवलेला असतो. जो रंग दिसणारच नाही तो कोणता का असेना, असे आपल्याला वाटते. पण वाटेत रंगही बदलत जातो. २३० आकड्याचा लाल अर्ध्या वाटेवर ११५ चा होतो. पांढऱ्या कागदावर जिथे २४२, १२७, १२७ असा स्वच्छ गुलाबी यायला हवा, तिथे १८५, १२७, १२७ असा धुरकट रंग येतो. दोन्ही टोकांना रंग एकच ठेवा, फक्त अल्फा बदला. मळ निघून जाईल. गिम्पचा 'फोरग्राउंड टू ट्रान्सपरंट' हा तयार प्रकार असाच बनवलेला आहे. खोड निघते ती स्वतः बनवलेल्या किंवा कुठून तरी उतरवून घेतलेल्या छटांमध्ये.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या फोटोंतल्या माणसांकडे येऊ. घरातल्या आजीच्या पुण्यानुमोदनाचे कार्ड करायचे आहे, असे धरा. तिचा एकटीचा असा फोटो नाही. आहे तो पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नात काढलेला, वीस माणसांचा. ज्यांच्या घरात कॅमेरा नव्हता, त्यांच्या घरच्या बाया अशाच फोटोंत सापडतात : मागच्या रांगेत, अगदी कडेला, कडेवर मूल घेऊन. आणि आपल्या छटा सवयीने कुठे पडतात? कडेला! चारी बाजू काळ्या करून मध्यभाग उजळ ठेवणारी गोल छटा तर पुष्कळांची आवडती. मध्ये खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांना तिने काहीच होत नाही; अंधारात जाते ती कडेला उभी असलेली आजी.

त्यात दुसरी गोष्ट अशी की, काळा थर सगळ्या चेहऱ्यांना सारखा वागवत नाही. उजळ चेहरा २०० आकड्याचा असेल तर ५० टक्के काळ्याखाली तो १०० राहतो आणि ओळखता येतो. सावळा चेहरा ९० चा असेल तर तो ४५ वर येतो. त्याच्या मागची भिंत किंवा डोक्यावरचा पदर ६० चा असेल, तर तो ३० होतो. पूर्वी चेहरा आणि पदर यांत ३० चा फरक होता, आता १५ उरला. नाक, डोळे, कपाळ यांच्यातले फरक तर त्याहूनही लहान. छपाईत तेवढे टिकत नाहीत. टक्के सर्वांना सारखेच लावले होते, असे म्हणून कार्ड करणाऱ्याला सुटता येणार नाही. चेहऱ्यावर छटा शून्याच्या आसपासच राहिली पाहिजे.

हे साधण्यासाठी मास्क वापरावा. छटेच्या थराला 'ॲड लेअर मास्क' मधून पांढरा मास्क जोडा. मास्कमध्ये पांढरे म्हणजे थर दिसतो, काळे म्हणजे थर लपतो, आणि करडे म्हणजे अर्धवट. आता मऊ कडेचा ब्रश घेऊन मास्कवर आजीच्या चेहऱ्याच्या जागी काळा रंग फिरवा. छटा तेवढ्यापुरती बाजूला सरते व चेहरा मूळच्या उजेडात येतो. जास्त उघडले गेले तर पांढऱ्या रंगाने परत झाका. मूळ फोटोला कुठेही धक्का लागत नाही. तिच्या शेजारची माणसे विरत न्यायची असली तर फोटोच्याच थराला मास्क जोडून त्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा ओढावी, म्हणजे जुन्या स्टुडिओतल्या पुठ्ठ्याचे काम होते. मात्र कोणाला विरवायचे हे कार्ड करणाऱ्याने परस्पर ठरवू नये, घरच्यांना विचारावे. पलीकडचा अस्पष्ट माणूस तिचा भाऊ निघायचा.

मजकुरासाठी जागा शोधताना पायांकडचा भाग आधी पाहावा. समूहफोटोत जमिनीचा पट्टा बहुधा रिकामा असतो. खालून वर ओढलेली छटा गुडघ्यांच्या आसपास संपवली तर नाव, दिनांक आणि पत्ता आरामात मावतात. पुढच्या रांगेत मुले खाली बसलेली असली तर मात्र हा हिशेब चुकतो. मग फोटोच्या बाहेर कागद वाढवून तिथे मजकूर घ्यावा हे उत्तम. प्रत्येक फोटोवर छटा टाकलीच पाहिजे असा काही नियम नाही.

काम जपून ठेवण्याबाबत थोडे. जेपीईजी प्रकारच्या फाइलमध्ये चौथा आकडा राहतच नाही. पारदर्शक जागी एखादा रंग भरला जातो. जीआयएफमध्ये ठिपका एक तर पूर्ण दिसतो किंवा मुळीच नाही, अर्धवट काही नाही, त्यामुळे विरत जाणारी कड दातेरी होते. १९९६ मध्ये आलेल्या पीएनजीमध्ये अर्धपारदर्शकता पूर्ण टिकते. व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जाते आणि पारदर्शकता जाते. छापखान्याला द्यायचे ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. शेवटी बहुधा सगळे थर एकत्र करूनच फाइल द्यावी लागते. ते करण्यापूर्वी गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात एक प्रत ठेवून द्या. तीत थर आणि मास्क सुटे राहतात. पुढच्या वर्षी प्रथम स्मृतिदिनाचे कार्ड करायला तेच घरचे येतात, तेव्हा मजकूर बदलायचा असतो, कधी आजीच्या शेजारच्या भावालाही उजेडात आणायचे असते. आणि मूळ फोटो तोवर कोणाच्या तरी जुन्या मोबाईलबरोबर गेलेला असतो.